जागचा न हललेला काटा

गॅसच्या पाइपांची कामं करणाऱ्या लोकांत त्याला साबण्या म्हणत. हातात पत्र्याचा डबा, डब्यात साबणाचं पाणी, पाण्यात चपटा ब्रश. जिथे दोन पाइप जुळतात तिथे ब्रश फिरवायचा आणि बुडबुडा येतो का हे नाक लावून बघत बसायचं. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला दुसरं काय नाव पडणार? बायको म्हणायची, "जगभर साबण लावत फिरता, एकदा स्वतःच्या कॉलरला लावून बघा."

पाइप जोडणारे वेगळे. ते जोडून, हात झटकून निघून जायचे आणि हा यायचा त्यांच्या चुका काढायला. त्यामुळे कामावर कुणी त्याला बघून खूश व्हायचं नाही, आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. गॅस सोडण्याआधी पाइपात नुसती हवा भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि दाबाच्या गेजचा काटा बघत बसायचं. काटा खाली आला की कुठेतरी गळतंय. ऐकायला हे काम फार सोपं आहे. ज्याला तसं वाटतं त्याने सहा तास एका काट्याकडे बघून दाखवावं.

हे काम त्याला एका वस्तादाने शिकवलं होतं. पहिल्याच वर्षातली गोष्ट. दुपारी हवा भरली आणि संध्याकाळी काटा दीड रेघ उतरला. साबण्याने आरडाओरडा केला, चार माणसं लावून दोन तास सगळे जॉइंट साबणाने माखले. एक बुडबुडा निघेल तर शपथ. वस्ताद उलट्या बादलीवर बसून गंमत बघत होता. मग म्हणाला, "ऊन गेलं, पाइप गार झाला. आत हवा तेवढीच आहे, जागाही तेवढीच आहे. फक्त तिच्यातला जोर कमी झाला. उद्या दुपारी बघ, आपोआप चढेल." दुसऱ्या दिवशी दुपारी काटा बरोबर दीड रेघ चढला. कोंडलेल्या हवेला ऊन लागलं की ती फुगू बघते, फुगायला जागा नसते, मग ती भिंतींना ढकलते. एवढी गोष्ट साबण्याच्या डोक्यात त्या दिवशी कायमची बसली.

तेव्हापासून त्याच्या खिशात एक छोटा थर्मामीटर असायचा. टेस्टच्या कागदावर तीनच रकाने असत: सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, घट. हवामानाला रकाना नाही. मग साबण्या समासात पेन्सिलीने दोन आकडे लिहायचा, सकाळचा आणि दुपारचा, किंवा दुपारचा आणि संध्याकाळचा. इंजिनिअर लोक हसायचे. कुणी विचारायचं, "साबण्या, पाइपाला ताप आलाय का?" तो उत्तर देत नसे, आकडा लिहीत असे.

आणखी एक रीत त्या वस्तादाची होती आणि साबण्याने ती पाळली होती. ज्याची सही, त्याची काडी. म्हणजे लाइन पास म्हणून ज्याने कागदावर सही केली, त्यानेच गॅस आल्यावर पहिली शेगडी पेटवायची. दुसऱ्या कुणी नाही. लोकांना वाटायचं हा मान आहे. मान कसला, ती जोखीम होती. आपल्या सहीवर विश्वास असेल तर स्वतःची भुवई पुढे करायची.

आता त्याच्या थोरल्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ताई म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत मुख्य स्वयंपाकीण होती. बासष्ट माणसांचं दोन वेळचं जेवण ती विजेच्या जुनाट शेगड्यांवर करायची, आणि त्या शेगड्या तिच्याइतक्याच तापट होत्या, कधी चालायच्या, कधी नाही. भाऊ-बहिणीत चार वर्षं अबोला होता. चार वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले होते. एके दिवशी ताईचा फोन आला, "ये. आज यायलाच हवं." साबण्या तेव्हा एका मोठ्या इमारतीच्या लाइनवर चोवीस तासांच्या टेस्टला बसला होता. त्याच्या जागी बसायला दुसरा माणूस नव्हता. तो म्हणाला, "सकाळी सहाला सुटतो, तसाच येतो." तो सातला पोचला. वडील पहाटेच गेले होते. ताई दारातच उभी होती. तिने एकच वाक्य टाकलं, "तुझा काटा मोठा." त्यानंतर लग्नकार्यात समोरासमोर आले तरी ती त्याच्या बायकोशी बोलायची आणि त्याच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघायची.

त्यामुळे ताईच्या संस्थेत गॅसची लाइन येणार आणि टेस्टला आपल्याला पाठवलंय हे कळलं तेव्हा साबण्याला आदल्या रात्री झोप आली नाही. बायकोने विचारलं, तर म्हणाला, "थंडी आहे." आणि थंडी होतीही.

सकाळी सहाला तो संस्थेच्या आवारात पोचला तेव्हा थर्मामीटर नऊ अंश दाखवत होता. आवाराच्या टोकाला गॅसच्या टाक्यांची नवी खोली होती. तिथून पाइप कुंपणाच्या भिंतीवरून निघे, चढून अख्ख्या गच्चीवरून जाई आणि पलीकडे खाली स्वयंपाकघरात उतरे. साबण्याने हवा भरली, काटा बरोबर दोनवर आणला, व्हॉल्व बंद केला. कागदावर दोनचा आकडा घातला आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: नऊ.

मग सूर्य वर आला. आकाशात ढगाचा एक ठिपका नव्हता. दहाच्या सुमाराला त्याला उकडायला लागलं. बायकोने विणलेला जाड स्वेटर त्याने काढला आणि गेजजवळच्या व्हॉल्ववर अडकवला.

साडेअकराला ताई आली. हातात दोन कप होते.

तिने एक कप त्याच्यापुढे धरला आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "साखर कमीच घातलीय. तुझ्या बायकोने सांगितलं, डॉक्टरने बंद केलीय म्हणून."

साबण्याने कप घेतला. चार वर्षांनी हे पहिलं वाक्य. त्याने चहाचा घोट घेतला, जीभ भाजली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते जिभेमुळेच आलं असं त्याने स्वतःला सांगितलं.

ताई बोलत राहिली. नव्या ओट्याबद्दल, नव्या कपाटाबद्दल, तीन वाजता पहिली शेगडी पेटवायच्या समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल. मग एकदम म्हणाली, "ऐक. पहिली काडी तू ओढतोस हे मला माहीत आहे. पण आज मी ओढणार. माझं स्वयंपाकघर आहे."

त्या क्षणी तिने त्याची मान मागितली असती तरी त्याने काढून दिली असती. "ओढ की," तो म्हणाला.

बारा वाजले. पाइपच्या कामाचा तरुण इंजिनिअर कागद घेऊन आला. सगळे त्याला साहेब म्हणत आणि त्याला ते अजून नवीन होतं. तिघांनी गेजकडे पाहिलं. काटा बरोबर दोनवर होता. केसभरही इकडेतिकडे नाही.

"जागचा हललेला नाही!" साहेब खूश होऊन म्हणाला. "अशी लाइन मी पाहिली नाही. शेवटचा दाब दोन, घट शून्य. करा सही."

ताई भावाकडे चक्क हसून बघत होती. साबण्याने सही केली. दोनला गॅस सोडतो, असं साहेब म्हणाला. साबण्या म्हणाला, मी जेवून तीनच्या आत येतो. शीळ घालत तो स्कूटरवरून घरी गेला, आणि हा माणूस शीळ घालणाऱ्यांतला नव्हता.

घरी हातपाय धुऊन, बायकोला सगळं दोनदा सांगून तो जेवायला बसला तेव्हा दीड वाजून गेला होता. ताट वाढता वाढता बायकोने विचारलं, "स्वेटर कुठाय?"

"तिकडेच राहिला. गेजजवळ अडकवला होता."

"एवढ्या थंडीत काढलात कशाला?"

"थंडी सकाळी होती. नंतर काय उकडायला लागलं..."

आणि त्याचा घास ताटातच राहिला.

बायकोने पाहिलं, माणसाच्या तोंडावरचा रंग उतरलाय. "काय झालं? छातीत दुखतंय का?"

"मला उकडलं," साबण्या म्हणाला. "मग पाइपाला का नाही उकडलं?"

तिला काही कळलं नाही. तो उठून उभा राहिला होता. काटा उतरला की सगळे घाबरतात. तोही तीस वर्षं उतरणाऱ्या काट्यालाच घाबरत आला होता. पण सकाळी नऊ अंश होते आणि दुपारी अंगात स्वेटर सहन होत नव्हता. गच्चीवरचा तो लांबलचक पाइप सहा तास उन्हात भाजत पडला होता. काटा चढायला हवा होता. जवळजवळ दोन रेघा चढायला हवा होता. तो जागचा हलला नाही याचा अर्थ एकच. जेवढा जोर उन्हाने आत वाढवला, तेवढी हवा कुठून तरी बाहेर गेली. सगळे ज्या काट्याकडे बघून हसत होते, तो गळतीची वर्दी देत होता. आणि समासातल्या नऊच्या पुढे त्याने दुसरा आकडा लिहिलाच नव्हता.

त्याने साहेबाला फोन लावला. फोन दुसऱ्या कॉलवर व्यस्त. ताईला लावला. वाजून वाजून बंद पडला, कारण कामात असली की ती फोन पिशवीत टाकून पिशवी खुंटीला लावायची. घड्याळात एक बावन्न.

"तुम्ही निघा," बायकोने किल्ली त्याच्या हातात कोंबली. "फोन मी लावत बसते. काय सांगायचं?"

"काडी ओढू नका म्हणावं. कुणीच."

रस्त्यात त्याने एकदाच देवाकडे मागणं मागितलं, की मी चुकलेलो असू दे. गेज अडकलेलं असू दे. मी वेडा ठरू दे, साहेबाने चारचौघांत मला झापू दे. चार वर्षांनी ताईने चहा दिला होता, आणि तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा विचका करायला आता तोच निघाला होता, पुन्हा एका काट्यापायी. एका चौकात त्याला थांबावं लागलं. समोरचा माणूस हातगाडी सावकाश ढकलत रस्ता ओलांडत होता. साबण्याने आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली.

दोन वाजून अकरा मिनिटांनी तो आवारात शिरला. टाक्यांच्या खोलीजवळ साहेब फोनवर हसत बोलत होता. पाइपावरचं टेस्टचं गेज काढलेलं होतं. गॅस सोडलेला होता. साबण्याने स्कूटर स्टँडवरही लावली नाही, तशीच आडवी पडू दिली. तो सरळ मुख्य व्हॉल्वपाशी गेला आणि दोन्ही हातांनी पिळून बंद केला.

"ओ! काय करताय?" साहेबाने फोन कानावरून काढला. "तुम्हाला कुणी सांगितलं बंद करायला?"

"लाइन गळतेय."

"गळतेय? काटा हलला नव्हता! तुमची सही आहे!"

"तेच तर. हलायला हवा होता. साहेब, त्या पाइपाला हात लावा."

साहेबाने वैतागून भिंतीवरच्या पाइपाला हात लावला आणि झटकन काढला. पाइप चांगलाच तापला होता.

"सकाळी सहाला नऊ अंश होते," साबण्या म्हणाला. त्याने खिशातून थर्मामीटर काढून त्याच्यापुढे धरला. "आता सत्तावीस आहेत, तेही सावलीत. मला हिशेब येत नाही, मला नुसतं माहीत आहे. तुम्ही शिकलेले आहात. करा."

साहेबाने थर्मामीटरकडे पाहिलं. परीक्षेत त्याने हे गणित दहा वेळा सोडवलं असेल आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले असतील. पण गणित कागदावरचं आणि पाइप भिंतीवरचा, दोघांची कधी ओळखच झाली नव्हती. त्याने टेस्टच्या कागदाची मागची बाजू उलटली आणि भिंतीवर धरून लिहू लागला. अंश सेल्सिअसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे. सकाळचे दोनशे ब्याऐंशी, आत्ताचे तीनशे. गेजवर दोन म्हणजे बाहेरच्या हवेचा एक धरून तीन. तीन गुणिले तीनशे, भागिले दोनशे ब्याऐंशी. आलं तीन पूर्णांक एकोणीस. त्यातून बाहेरच्या हवेचा एक वजा.

"दोन पूर्णांक एकोणीस," तो हळू आवाजात म्हणाला. "एक रेघ म्हणजे एक दशांश. काटा दोनच्या पुढे दोन रेघांच्या आसपास हवा होता." मग त्याने बुडत्याने धरावा तसा शेवटचा आधार धरला. "गेज अडकलं असेल. गेज खराब असेल."

"अडकलं असेल तर टेस्ट झालीच नाही. अडकलं नसेल तर गळतंय. दोन्हीकडून माझी सही खोटी आहे. तुम्ही हवा सोडलीत तेव्हा काटा कसा उतरला?"

साहेबाने काढून ठेवलेल्या गेजकडे पाहिलं. "सरसर. थेट शून्यावर."

म्हणजे गेज चांगलं होतं. दोघंही एकदम स्वयंपाकघराकडे पळत सुटले.

स्वयंपाकघराला कालच रंग दिला होता. धूळ बसू नये म्हणून ताईने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. रंगाचा वास इतका की त्यात गॅसच काय, काहीही लपलं असतं. शेजारच्या जेवणघरात म्हातारी मंडळी आंघोळी करून, केस विंचरून अर्धा तास आधीच येऊन बसली होती. आणि ताई ओट्यापाशी उभी होती. डाव्या हातात काडेपेटी, उजव्या चिमटीत काडी.

साबण्या दारातच थांबला. "ताई," तो कसाबसा म्हणाला, "काडी खाली ठेव."

ती वळली. "तू आलास होय? मी म्हटलं एकदा पेटवून बघावी. पाहुण्यांसमोर फजिती नको."

"काडी खाली ठेव. पाया पडतो तुझ्या."

"काय झालं?"

"काटा..."

ताईचा चेहरा दगडासारखा झाला. चार वर्षांपूर्वी दारात होता तसाच. "परत तुझा काटा," ती म्हणाली. "आजसुद्धा." काडी अजून तिच्या चिमटीत होती.

"हो. आजसुद्धा," साबण्या म्हणाला. "पुन्हा चार वर्षं बोलू नकोस. जन्मभर बोलू नकोस. पण ती ठेव."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग काडी पेटीत घातली आणि पेटी ओट्यावर आपटली. साबण्याने ती उचलली आणि जवळची खिडकी उघडून बाहेर फेकली. बाकीच्या खिडक्याही उघडल्या. दिव्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. साहेबाने जेवणघरातल्या मंडळींना आवारात नेलं. एक आजोबा जाता जाता म्हणाले, "आम्हाला चहा मिळणार की नाही एवढं सांगा, म्हणजे त्या बेताने जगू."

मुख्य व्हॉल्व बंद असला तरी पाइपात भरलेला गॅस होता, तेव्हा गळती अजून बोलणार होती. साबण्याने डबा आणि ब्रश आणला. पहिला जॉइंट, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. शेगड्यांचे नळ, काही नाही. तो गुडघ्यांवर सरकत सरकत गेला. अकरा जॉइंट झाले. अकराच्या अकरा चोख. तीनला वीस मिनिटं कमी होती. साहेब दारात उभा राहून एकदा घड्याळाकडे, एकदा फाटकाकडे बघत होता. ताई हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

साबण्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. जॉइंट सगळे चांगले. मग हवा गेली कुठून? पाइप गच्चीवरून खाली येतो, भिंतीत शिरतो, ओट्याच्या खालून जातो. ओट्याखाली नवं कपाट होतं. त्याने कपाटाचं दार उघडलं आणि डोकं आत घातलं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो. तिथे, कपाटाच्या तळाशी, रंगाचा वास नव्हता. दुसराच होता.

आत भिंतीला एक कोरी लाकडी फळी ठोकलेली होती.

"ही फळी नकाशात नाही," तो म्हणाला. "कधी लागली?"

"काल संध्याकाळी," ताई म्हणाली. "डबे ठेवायला जागा पुरत नव्हती. सुताराला मीच सांगितलं, तेवढी एक फळी मार म्हणून. का?"

साबण्याने उत्तर दिलं नाही. त्याने ब्रश बुडवला आणि फळीच्या पट्टीवरच्या स्क्रूंवरून फिरवला. पहिला स्क्रू, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या स्क्रूच्या डोक्याभोवती मोहरीएवढा एक बुडबुडा उगवला. तो फुगला, वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. त्याच्या जागी दुसरा आला.

स्क्रू गिलाव्यातून आतल्या पाइपात घुसला होता आणि बुचासारखा तिथेच बसला होता. म्हणून तर गळती इतकी हळू होती. म्हणून तर ती उन्हाच्या बरोबरीने चालली होती, ऊन एक हात देत होतं आणि स्क्रू तेवढंच काढून घेत होता.

ताई वाकून बघत होती. तिसरा बुडबुडा फुटला तशी ती जमिनीवर बसली. "मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्याला." ती तेच तेच म्हणत राहिली.

साबण्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

पाहुणे आले तेव्हा साहेबच फाटकापाशी गेला. त्याने सबबी सांगितल्या नाहीत. टेस्ट नापास आहे, गॅस आज येणार नाही, असं सरळ सांगून टाकलं. त्या पोराबद्दल साबण्याचं मत त्या दिवशी बदललं. आत साबण्याने स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, रद्द. तीस वर्षांत असं एकदाही लिहावं लागलं नव्हतं. लाज वाटली, आणि तरी बरं वाटलं.

परत आल्यावर साहेब म्हणाला, "खरं सांगू? गळती बारीक आहे. आज तीनला कदाचित काहीच झालं नसतं."

"आज नसतं," साबण्या म्हणाला. "पण कपाट बंद. खाली रोज थोडं थोडं साठलं असतं. एखाद्या सकाळी सगळे झोपलेले असताना ही एकटी आली असती आणि काडी ओढली असती."

साहेबाने जाऊन कपाटाचं दार सताड उघडं केलं.

आठ दिवसांनी भिंत फोडून, पाइपाचा तेवढा तुकडा बदलून पुन्हा टेस्ट लागली. सकाळी सहाला आठ अंश. काटा दोनवर. या खेपेला ताईने भांडीकुंडी मदतनीस बाईवर सोपवली आणि पाट घेऊन साबण्याशेजारी गेजपुढे येऊन बसली. साबण्या म्हणाला, कंटाळशील. ती म्हणाली, बघू तरी तू काय बघतोस ते.

आठला ऊन भिंतीवर आलं. नऊला काटा किंचित थरथरल्यासारखा वाटला. दहाला तो दोनच्या रेघेवरून सुटला होता. ताईने पुढे वाकून पाहिलं. "हलला!" ती घाबरून म्हणाली. साबण्या हसला. "हलू दे. तो हललाय म्हणून आपण ठीक आहोत." बाराला तो दोन रेघांना टेकायला जेमतेम कमी होता. समासात आठच्या पुढे त्याने दुसरा आकडा घातला, साहेबाने आपणहून गणित करून ताळा पाहिला, आणि मगच सही झाली.

काडेपेटी साबण्याने ताईच्या हातात दिली.

"नको," ती म्हणाली. "ज्याची सही, त्याची काडी."

"तूही सहा तास बसलीस. ओढ. मी इथेच उभा आहे."

तिने काडी ओढली. शेगडी भप्पकन पेटली आणि निळी ज्योत गोल उभी राहिली. जेवणघरातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ते बहुतेक आजोबाच असावेत. ताईने चहाचं मोठं पातेलं चढवलं आणि ज्योतीकडे बघत, साबण्याकडे न बघता, म्हणाली,

"त्या दिवशी बाबांनी विचारलं होतं, तो कुठाय म्हणून."

साबण्याने हातातला डबा खाली ठेवला.

"मी रागाने म्हटलं, बसलाय काट्यापाशी. तर म्हणाले, बसू दे. तिथे लोकांची घरं आहेत. उठवू नकोस त्याला."

पाण्याला खालून बारीक बुडबुडे यायला लागले होते.

"चार वर्षं सांगितलं नाहीस?" साबण्याने विचारलं.

"राग होता ना," ताई म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. "तुला एवढ्यात सुटू द्यायचं नव्हतं मला."

साबण्याने खाली ठेवलेला डबा उचलला, ब्रश बुडवला आणि शेगडीच्या मागच्या, सकाळीच तपासलेल्या जॉइंटवर पुन्हा फिरवू लागला. पाठ तिच्याकडे करून तो बराच वेळ तिथे वाकून राहिला. फेस तसाच राहिला, बुडबुडा एकही आला नाही.

"झालं का तुझं?" ताई म्हणाली. "चहा निवेल."